शेवटी ठेवलेले शास्त्र कोणाच्या वाट्याला येते?



शाळेचे वेळापत्रक ही वादाची वस्तू आहे असे तुम्हांपैकी पुष्कळांना वाटणार नाही. कोणता विषय कोणत्या इयत्तेत शिकवावा हे जाणत्यांनी ठरवावे. आपण मुलाला वेळेवर शाळेत धाडावे, त्याची फी भरावी, वह्यापुस्तके आणून द्यावीत, म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी समजूत आपल्या घराघरांतून आढळते. ही समजूत भोळी आहे, आणि भोळेपणाची किंमत आपण पूर्वी फार मोठी मोजलेली आहे. ज्या समाजाला शतकानुशतके ‘हे शिकू नका’ असे बजावण्यात आले, त्या समाजाने ‘हे आधी शिका, ते मागाहून शिका’ ह्या वाक्याकडेही डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. ‘शिकू नका’ म्हणणारा उघड विरोधक असतो. त्याच्याशी दोन हात करता येतात. ‘मागाहून शिका’ म्हणणारा मात्र बहुधा सभ्य, विद्वान आणि हितचिंतक असतो, आणि त्याच्या ‘मागाहून’चा अर्थ लक्षावधी मुलांच्या बाबतीत ‘कधीच नाही’ असा निघतो.

हे मी केवळ तर्काने बोलत नाही. अमेरिकेच्या हायस्कुलांत शास्त्रविषयांच्या क्रमाचा जो वाद सव्वाशे वर्षे चालला आहे, त्याचा इतिहास आपल्यापुढे आहे. हा देश मी मुद्दाम निवडला आहे. तेथील शाळांचे आकडे जुन्या काळापासून नोंदलेले आहेत. तेथील कृष्णवर्णीय समाजाने आपल्याप्रमाणेच ज्ञानबंदी भोगलेली आहे. दक्षिणेकडील कित्येक राज्यांत गुलामाला अक्षरओळख करून देणे हा एके काळी कायद्याने गुन्हा होता. आणि १९१३ ते १९१६ ह्या काळात परमपूज्य बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्ययन करीत होते, त्याच सुमारास हा क्रम तेथील हायस्कुलांत बसत चालला होता.

आधी तेथील व्यवस्था समजावून घ्या. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे साधारणतः नववी ते बारावी अशी चार वर्षे. आपल्याकडे एकाच वर्षात मूल प्रकाशाचे परावर्तन शिकते, आम्ल आणि अल्क शिकते व पेशीचीही रचना शिकते, तसे तेथे बहुतेक ठिकाणी होत नाही. तेथे एक वर्ष, एक शास्त्र. प्रथम जीवशास्त्र, त्यानंतर रसायनशास्त्र, आणि सर्वांत शेवटी, अकरावीत किंवा बारावीत, पदार्थविज्ञान, म्हणजे ज्याला आजची क्रमिक पुस्तके भौतिकशास्त्र म्हणतात ते. ह्या तिन्ही विषयांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे वर्णमालेतही ह्याच क्रमाने येतात. त्यामुळे हा क्रम कोणा पंडिताने ठरवला की कोणा कारकुनाने, अशी थट्टा तेथील शास्त्रज्ञच करीत आले आहेत. शाळेचा दाखला मिळण्यास मात्र शास्त्राची दोन किंवा तीन वर्षे पुरेशी असतात. परिणाम उघड आहे. पहिला विषय सर्वांच्या वाट्याला येतो, दुसरा बहुतेकांच्या, आणि तिसरा ज्याला हवा असेल त्याच्या. किंवा खरे बोलायचे तर, ज्याला तो पेलेल असे शाळेला वाटते त्याच्या. १९८० नंतरच्या दशकात हायस्कूल संपवून बाहेर पडणाऱ्या अमेरिकन मुलांपैकी पदार्थविज्ञानाचे एक वर्ष पुरे केलेली मुले पाचांत एक, एवढीच होती. पुढे स्थिती सुधारली. तरी २०१० नंतरच्या दशकातही हे प्रमाण पाचांत दोनपर्यंत पोचले नव्हते. जीवशास्त्र मात्र जवळजवळ प्रत्येकाने शिकलेले असते.

आता कोणी म्हणेल, हा क्रम निसर्गसिद्धच आहे. झाडे, प्राणी आणि शरीर मुलाच्या ओळखीचे असतात, ते आधी. अणू आणि विद्युत्‌ दुर्बोध, ते नंतर. ह्या म्हणण्यात कितपत तथ्य आहे हे इतिहासच सांगतो. १८९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण संघटनेने हायस्कुलांचा अभ्यासक्रम ठरवण्यासाठी दहा जणांची एक समिती नेमली. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे तिचे प्रमुख होते. समितीने प्रत्येक विषयासाठी तज्ज्ञांची उपसमिती बसवली. पदार्थविज्ञान, रसायन आणि खगोल ह्यांच्या उपसमितीने सांगितले की, रसायन आधी शिकवावे आणि पदार्थविज्ञान मागाहून, कारण त्याला गणित अधिक लागते. पण मुख्य समितीने जे नमुन्याचे अभ्यासक्रम छापले, त्यांत नेमके उलट केले; पदार्थविज्ञान तिसऱ्या वर्षी आणि रसायन चौथ्या वर्षी ठेवले. म्हणजे एकाच समितीच्या दोन खोल्यांत दोन क्रम! निसर्गाचा नियम असा खोलीगणिक बदलत नसतो. ती माणसांची निवड होती, आणि माणसांनी केलेली निवड माणसांना बदलता येते. जातीची उतरंड ईश्वरनिर्मित आहे असे आपल्याला पिढ्यानुपिढ्या सांगण्यात आले होते; म्हणून ‘निसर्गसिद्ध’ हा शब्द कानी पडला की आपण तरी जरा थबकावे.

ह्यापुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. १८९० साली अमेरिकेच्या सार्वजनिक हायस्कुलांत सुमारे दोन लाख मुले होती, आणि त्यांतील शेकडा २३ च्या आसपास मुले त्या वर्षी पदार्थविज्ञान शिकत होती. त्या काळी तो विषय शेवटच्या वर्षाची मिरास नव्हता. पुष्कळ शाळांत तो लवकर येत असे. पुढे शाळांची दारे उघडली. कामगारांची मुले आली, परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांची मुले आली, शेतकऱ्यांची आली. १९४९ पर्यंत विद्यार्थ्यांची संख्या पन्नास लाखांच्या वर गेली, आणि पदार्थविज्ञान शिकणारांचे प्रमाण शेकडा पाचांच्या आसपास उतरले. संख्येने ते शिकणारे वाढले हे खरे. परंतु प्रमाण चौथाईहून खाली आले. ह्याला कारणे अनेक होती हे मी नाकारीत नाही. प्रयोगाची उपकरणे महाग होती, शिक्षक थोडे होते, आणि विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांनी हा विषय कोरडा व गणिती करून टाकला होता. परंतु क्रमाचा हात त्यात होताच. विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि शरीरशास्त्र एकत्र करून ‘जीवशास्त्र’ असा एक विषय घडवण्यात आला. शहरांतील गरिबांच्या मुलांना आरोग्य आणि स्वच्छता शिकवावी, हा त्यातला एक मोठा हेतू होता. त्याला खालच्या वर्गात जागा मिळाली आणि पदार्थविज्ञान वर ढकलले गेले, जेथवर पोचण्यापूर्वीच पुष्कळ मुलांनी शाळा सोडलेली असे.

पहा, कसे घडते ते. देवळाच्या पायऱ्या सर्वांना मोकळ्या झाल्या, पण तोवर गाभारा एक मजला वर नेऊन ठेवण्यात आला होता. कोणी दुष्टपणाने तसे केले असे मी म्हणत नाही. दुष्टपणाची गरजच पडत नाही. रचना तशी असली की पुरे, आपापले काम सचोटीने करणारी माणसेच ती चालू ठेवतात.

विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा गणिताचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यांचे म्हणणे असे की, पदार्थविज्ञान हे सूत्रांचे शास्त्र. वेग, त्वरण, बल, ऊर्जा ह्यांचे संबंध समीकरणांत मांडले जातात. त्रिकोणमिती येत नसेल तर उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याचे उदाहरण सुटत नाही. म्हणून बीजगणित आणि भूमिती पुरी झाल्यावरच हा विषय द्यावा. ह्याला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, पदार्थविज्ञानाचा सर्वांत मोलाचा भाग सूत्रांच्या अलीकडेच असतो. जड दगड आणि हलका दगड एकदम सोडले तर आधी कोणता पडेल? चालत्या बसला ब्रेक लागला की उभा प्रवासी पुढे का झुकतो? दोन दिवे एकामागे एक जोडले तर मंद का होतात आणि शेजारी शेजारी जोडले तर का होत नाहीत? ह्यांना नववीच्या मुलाजवळ असते तेवढे गणित पुरते. हवा असतो तो विचार. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात शिकवणाऱ्या पॉल ह्युइट ह्यांनी १९७१ साली ह्याच धर्तीवर एक पाठ्यपुस्तक काढले, ज्यात कल्पना आधी आणि आकडेमोड मागाहून येते. हे गृहस्थ तरुणपणी पाट्या रंगवण्याचे काम करीत असत, हे येथे सांगावेसे वाटते. त्यांचे पुस्तक पन्नास वर्षे शाळाशाळांतून वापरले गेले आहे.

दुसरे उत्तर अधिक कडू आहे. गणिताची अट सर्वांना सारखी लागू होते असे दिसते. पण गणित स्वतः सर्वांना सारखे मिळते काय? ज्या मुलाला आठवीत बीजगणित मिळाले, तो बारावीपर्यंत गणिताच्या शिडीच्या माथ्यावर असतो. ज्याला ते नववीत किंवा दहावीत मिळाले, तो शिडीच्या मध्यावर असतानाच शाळा संपते. मग पदार्थविज्ञानाच्या वर्गाच्या दारात उभे राहून त्याला विचारायचे, ‘तुझे गणित कोठवर झाले आहे?’ विहिरीवर दोर ठेवू द्यायचा नाही आणि मग ‘पाणी का काढीत नाहीस’ असे विचारायचे, त्यातलाच हा प्रकार.

अमेरिकेतील सर्वच विद्वान ह्या क्रमावर संतुष्ट होते असे नाही. १९५६ साली मॅसॅच्युसेट्समधील तंत्रविद्या संस्थेत पदार्थविज्ञानाचा शालेय अभ्यासक्रम नव्याने रचण्यासाठी एक समिती बसली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, सोविएत रशियाने कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, रशियन शाळेत प्रत्येक मूल पाच वर्षे पदार्थविज्ञान आणि चार वर्षे रसायन शिकते; तेथे ‘शेवटी’ असा विषयच नाही, सर्व शास्त्रे शेजारी शेजारी चालतात. एवढे दिसूनही अमेरिकेने काय केले? पदार्थविज्ञानाचे पुस्तक सुरेख केले, चित्रपट काढले, उपकरणे सुधारली, पैसा ओतला. आणि विषय शेवटच्या वर्षातच ठेवला. जी थोडी मुले तेथवर पोचत होती त्यांना अधिक चांगले शिक्षण मिळाले. जी पोचत नव्हती ती पोचली नाहीत. वरच्या मजल्याची रंगरंगोटी झाली, जिना मात्र बांधला गेला नाही.

नंतर लिओन लेडरमन आले. १९८८ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या ह्या शास्त्रज्ञाने उतारवयाचा मोठा काळ ह्या एका मागणीत घालवला की, क्रम उलटा करा. पदार्थविज्ञान नववीत, सर्वांना, मग रसायन, मग जीवशास्त्र. त्यांचा युक्तिवाद असा होता : १९५३ साली वॉटसन आणि क्रिक ह्यांनी आनुवंशिकतेच्या रेणूची रचना उलगडल्यापासून जीवशास्त्र हे रेणूंचे शास्त्र झाले आहे; रेणू समजायला रसायन हवे; रसायन समजायला अणू हवा; आणि अणू पदार्थविज्ञानाचा. म्हणून पाया आधी घाला. २०१८ साली ते वारले, तोवर हा विचार अनेक शाळांत रुजला होता, पण देशाचा क्रम बदलला नव्हता.

लेडरमन ह्यांच्या मागणीच्या बाजूने मी आहे. त्यांच्या कारणाच्या बाजूने मात्र संपूर्ण नाही. पाया आणि इमारत ही उपमा ऐकायला गोड आहे, पण परीक्षेत ती तितकी टिकली नाही. २००७ साली फिलिप सॅडलर आणि रॉबर्ट ताई ह्या दोन संशोधकांनी अमेरिकेतील कॉलेजांच्या आठ हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. हायस्कुलात ज्याने पदार्थविज्ञान अधिक केले होते, तो कॉलेजच्या पदार्थविज्ञानात पुढे होता. पण कॉलेजच्या रसायनात किंवा जीवशास्त्रात त्याला त्याचा विशेष लाभ झालेला आढळला नाही. रसायनाचे आणि जीवशास्त्राचेही तसेच. सर्वत्र उपयोगी पडले ते एक गणित. ह्या पाहणीचा आधार घेऊन क्रमवादी म्हणाले, ‘पहा, क्रमाने काही फरक पडत नाही, मग तो बदलायचा कशाला?’

येथेच आपण त्यांना गाठले पाहिजे. ही पाहणी कॉलेजात पोचलेल्या मुलांची आहे. जी पदार्थविज्ञानाच्या वर्गापर्यंत आली नाहीत आणि म्हणून त्या वाटेलाच गेली नाहीत, त्यांची गणती तिच्यात कोठून येणार? शिवाय, एक शास्त्र दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसेल तर त्याचा अर्थ उघड आहे की, ज्याला जे शास्त्र मिळाले नाही त्याची भरपाई दुसऱ्याने होत नाही. जीवशास्त्र उत्तम शिकलेल्या मुलाची पदार्थविज्ञानाची उणीव जीवशास्त्राने भरून निघत नाही. मग तर शेवटी ठेवलेला विषय चुकणे ही अधिकच मोठी हानी ठरते! विद्वानांचा प्रश्न ‘कोणते शास्त्र कोणाचा पाया आहे’ हा आहे. आपला प्रश्न वेगळा आहे. ज्या शाळेत मुले गळतात, थकतात, वळवली जातात, तेथे शेवटच्या जागी ठेवलेली वस्तू कोणाला मिळते?

ह्याचे उत्तर अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कचेरीनेच दिले आहे. २०१३-१४ ह्या शालेय वर्षाची तिची गणना पाहा. ज्या हायस्कुलांत कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची मुले शेकडा ७५ हून अधिक होती, त्यांपैकी शेकडा ४८ शाळांतच पदार्थविज्ञान शिकवले जात होते. जेथे अशी मुले शेकडा २५ हून कमी, त्यांपैकी शेकडा ६७ शाळांत ते होते. म्हणजे निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीयबहुल शाळांत तो विषय ऐच्छिकदेखील नव्हता, तो नव्हताच. रसायन ६५ आणि ७८. मुलाने निवडायचे काय, जेव्हा फळ्यावर विषयच नाही? जो विषय शेवटी असतो तो पैसा तुटला की प्रथम कापला जातो, कारण त्याला बसणारी मुले थोडी, आणि ती थोडी कारण तो शेवटी. असे हे वर्तुळ आहे.

क्रम बदलण्याचे प्रयोग झाले नाहीत असे नाही. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहराने २००१ च्या सुमारास नववीच्या सर्व मुलांना पदार्थविज्ञान लावले. तक्रारी उठल्या : पुस्तकात गणित फार थोडे आहे, हुशार मुलांचा वेळ जातो, शिक्षकांची तयारी नाही. २००६ मध्ये सक्ती उठवण्यात आली. त्या तक्रारींतल्या शिक्षकांच्या तयारीविषयीच्या तक्रारीत तथ्य होते असे मला वाटते. जीवशास्त्राच्या शिक्षकाच्या हाती उन्हाळ्यात काही दिवसांचे प्रशिक्षण आणि पदार्थविज्ञानाचे पुस्तक देऊन सुधारणा होत नसते. पण ‘हुशार मुलांचा वेळ जातो’ ही तक्रार आपल्या ओळखीची आहे. सर्वांसाठी काही उघडले की ते हलके झाले असे म्हणणारा वर्ग जगात सर्वत्र आहे.

ह्या सर्व वादात मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस पदार्थविज्ञानाचा नव्हे, गणिताचा आहे. रॉबर्ट मोझेस हा हार्वर्डला शिकलेला कृष्णवर्णीय तरुण १९६० नंतर मिसिसिपी राज्यात गेला आणि खेड्यापाड्यांतील आपल्या बांधवांची मतदार म्हणून नोंदणी करू लागला. त्या राज्यात मतदार होण्यासाठी राज्यघटनेचे कलम वाचून त्याचा अर्थ सांगावा लागे, आणि उत्तर बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवी. ज्यांना शाळा दिली नाही, त्यांनाच वाचनाची परीक्षा! मोझेस ह्यांनी त्यापायी मार खाल्ला, तुरुंग भोगला. पुढे १९८२ साली आपल्या मुलीच्या आठवीच्या वर्गात बीजगणित शिकवतच नाहीत असे त्यांना आढळले, आणि त्यांनी स्वतः शिकवायला सुरुवात केली. त्यातून त्यांची बीजगणिताची चळवळ उभी राहिली. मुलांना घेऊन ते बॉस्टनच्या भुयारी रेल्वेतून प्रवास करीत. एक स्थानक शून्य, एका दिशेची स्थानके धन, उलट दिशेची ऋण. अशा रीतीने ऋण संख्या फळ्यावरून उतरून आगगाडीच्या डब्यात आल्या. मोझेस ह्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, १९६० साली मताचा हक्क ज्या जागी उभा होता, त्या जागी आज बीजगणित उभे आहे. जो ते शिकला नाही तो नव्या अर्थव्यवस्थेत वेठबिगार राहील. २०२१ साली ते वारले. विषयांचा क्रम हा नागरी हक्काचा प्रश्न आहे, ही गोष्ट लेडरमन ह्यांच्या नोबेल पारितोषिकापेक्षा मोझेस ह्यांच्या रेल्वेच्या डब्याने मला अधिक स्पष्ट दाखवली.

आणि हे आपल्याला कोणी दाखवण्याची तरी गरज काय? बाबासाहेबांना मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकायचे होते. ते त्यांना मिळाले नाही, फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते फारसी घेऊन. विषय नाकारणे म्हणजे माणूस नाकारणे, हा अनुभव आपल्या इतिहासात जागता आहे. पुढे कोलंबिया विद्यापीठात ज्या प्राध्यापकांचा त्यांच्या विचारावर ठसा उमटला, त्या जॉन ड्युई ह्यांनी बाबासाहेब तेथे जाण्याच्या तीनच वर्षे आधी, १९१० साली, शास्त्रशिक्षणावर एक व्याख्यान प्रसिद्ध केले होते. शाळांत शास्त्र हे तयार माहितीचा साठा म्हणून वाटले जाते, विचार करण्याची पद्धत म्हणून दिले जात नाही, ही त्यांची तक्रार होती. ती मनात धरून पुन्हा क्रमाकडे पाहा. जे शास्त्र स्वतःच्या हाताने मोजून, फेकून, जोडून, तोडून तत्काळ पडताळता येते, ते चौदा वर्षांच्या मुलापासून दूर ठेवायचे. आणि ज्यात पहिल्या दिवसापासून पेशीच्या भागांची लांबलचक नावे पाठ करावी लागतात, ते त्याच्या हाती आधी द्यायचे. त्याला वाटू लागते की शास्त्र म्हणजे पाठांतर. आपल्या पूर्वजांना पाठांतराच्या विद्येने किती न्याय दिला, हे मी सांगायला नको.

आता आपल्या दाराशी येऊ. ह्या बाबतीत भारताची व्यवस्था अमेरिकेहून न्याय्य आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९६४ ते १९६६ ह्या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंग कोठारी हे स्वतः पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित प्रत्येक मुलाला सक्तीचे असावे, अशी त्या आयोगाने शिफारस केली. महाराष्ट्रात १९७५ साली दहा वर्षांच्या नव्या रचनेची पहिली शालान्त परीक्षा झाली. आज आपला प्रत्येक मुलगा आणि मुलगी दहावीपर्यंत तिन्ही शास्त्रे शेजारी शेजारी शिकते. गुरुत्वाकर्षणाचा धडा कोणाला ऐच्छिक नाही. जे अमेरिकेतील कृष्णवर्णीयबहुल शाळांना मिळाले नाही, ते कागदोपत्री आपल्या मुलांना मिळालेले आहे.

परंतु ‘शेवटी’ ही जागा नाहीशी झालेली नाही, ती फक्त हलली आहे. एक तर ती दहावीच्या पलीकडे गेली. कित्येक गावांत जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखा तेवढी असते, विज्ञान शाखा तालुक्याला. मग मुलीला एस.टी.ने कोण पाठवणार, असा प्रश्न घरात उभा राहतो आणि तिचे शास्त्र तेथेच संपते. काही वर्षांपूर्वीपर्यंत दहावीला ‘सामान्य गणित’ नावाचा सोपा पर्याय होता. तो घेणाऱ्याला उत्तीर्ण होणे सुलभ जाई आणि पुढे विज्ञान शाखेची वाट अडत असे. ‘तुझ्या मुलाला गणित जड जाते, सामान्य घे’ हा सल्ला शिक्षक मायेने देत. त्याची किंमत घरच्यांना दोन वर्षांनी कळे. अकरावीत आजही जीवशास्त्र घेऊन गणित सोडण्याचा सल्ला मिळतो. डॉक्टर होण्याचे स्वप्न असेल तर तो योग्यही असेल. पण प्रवेशाची ती परीक्षा जमली नाही तर पुढच्या किती वाटा गणितावाचून अरुंद होतात, हे सल्ला देणारा सांगत नाही.

दुसरी जागा वर्गातच आहे, आणि ती कोणाच्या डोळ्यांत येत नाही. पाठ्यपुस्तकात प्रत्येक धड्यात ‘करून पहा’ असे लिहिलेले असते. अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत तेच सर्वांत शेवटी राहते. शिक्षक एक प्रयोग टेबलावर करून दाखवतात, पुढच्या दोन बाकांना तो दिसतो, मागच्यांना ऐकू येतो. मागच्या बाकांवर कोण बसते, हे तुम्हांला ठाऊक आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात प्रयोगवही एकमेकांवरून उतरवली जाते, तिच्यावर शिक्का बसतो, आणि अमेरिकेत जे बारावीच्या क्रमाने होते ते येथे वहीच्या क्रमाने होते. विषय मिळाला असे कागद म्हणतो, मुलाच्या बोटांना मात्र तारेचा स्पर्श झालेला नसतो.

म्हणून, वाचकहो, पालकसभेला जाल तेव्हा ‘माझा मुलगा कसा आहे’ एवढेच विचारून परत येऊ नका. विज्ञानाचे प्रयोग वर्षाच्या कोणत्या महिन्यात घेता, असे विचारा. प्रत्येक मुलाच्या हाती उपकरण येते की गटातल्या एकाच्याच, असे विचारा. आठवी-नववीत गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी शाळा काय करते, त्यांना सोपी वाट दाखवते की जादा तास घेते, असे विचारा. मुलीला विज्ञान शाखा घ्यायची असेल तर जवळचे महाविद्यालय कोणते आणि वसतिगृह कोठे, ह्याची चौकशी दहावीच्या निकालानंतर नव्हे, नववीतच करा. निकालानंतरच्या पंधरा दिवसांत प्रवेशाची रांग कोणाची वाट पाहत नाही. शक्य असेल तर दोन-चार पालकांनी मिळून जा, एकट्याला शाळेत संकोच वाटतो. आणि प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली कोणाजवळ असते व गेल्या महिन्यात ते कुलूप किती वेळा उघडले, हेही विचारायला विसरू नका.